ज्यू आणि ख्रिस्ती: तक्ता करण्याआधी

मॅडम, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजला की नाही ते तुम्हालाही कळेल. तुम्ही राळेगाव तालुक्यातल्या एका गावी आठवीला इतिहास शिकवता. वर्गात एका पोरानं विचारलं, "येशू ज्यू होता म्हणता, मग ज्यू लोक ख्रिश्चन कसे नाहीत?" तुम्ही सांगितलं की दोन्ही धर्म एकाच घरातले, पुस्तकही एकच, फरक इतकाच की ज्यू येशूला मानत नाहीत. पोरगं खाली बसलं, पण तुमचं समाधान झालं नाही. आता तुम्हाला साम्य आणि फरक असा दोन रकान्यांचा तक्ता करून वर्गात लावायचा आहे, आणि त्यात काय काय लिहावं असं तुम्ही विचारलंय.

मी कोण तेही सांगतो, कारण त्यानं उत्तरात फरक पडतो. मी प्रोटेस्टंट पाळक. पांढरकवड्याच्या आसपासच्या खेड्यांत तीसेक वर्षं उपासना घेतल्या, आता निवृत्त आहे. गावात मला सगळे 'फादर' म्हणायचे. फादर कॅथलिकांचे असतात, आमच्यात पाळक किंवा पास्टर, हे सांगून सांगून थकलो आणि शेवटी 'फादर'ला ओ द्यायला लागलो. यवतमाळला पूर्वी सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, होती, १९८३ साली ती पुण्याला गेली. मी यवतमाळच्या काळातला विद्यार्थी. थोडी हिब्रू, थोडी ग्रीक तिथेच शिकलो. म्हणजे यहुदी धर्म, ज्यूंचा धर्म, मी शिकलो तो ख्रिस्ती शिक्षकांकडून आणि ख्रिस्ती पुस्तकांतून. बांधाचा वाद असलेल्या दोन भावांपैकी एकाकडूनच दुसऱ्याची हकीकत ऐकावी, तसा तो प्रकार होता. बरंच काही मला नंतर दुरुस्त करून घ्यावं लागलं. तरी माझा कल कुठे आहे ते धरूनच पुढचं वाचा.

तुम्ही वर्गात जे सांगितलं त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. अडचण 'इतकाच' या शब्दाची आहे. यहुदी धर्म म्हणजे ख्रिस्ती धर्म वजा येशू, असं ते गणित नाही. आणि तक्ता केला की ही चूक पक्की होते. कशी, ते बघा. तक्त्याच्या ओळी आपण साधारण अशा आखतो: संस्थापक, धर्मग्रंथ, देवाविषयी श्रद्धा, तारणाचा (म्हणजे पापातून सुटकेचा) मार्ग. या ओळी ख्रिस्ती माणसाच्या मनातल्या आहेत. 'तारणाचा मार्ग' या ओळीत ज्यूंच्या रकान्यात काय लिहाल? त्यांच्याकडे हा प्रश्नच आमच्यासारखा मधोमध बसलेला नाही. मग तो रकाना अर्धा रिकामा राहतो आणि पोरांना वाटतं, या धर्मात काहीतरी कमी आहे. आता उलटं करा. 'सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय करायचं, काय खायचं, कोणत्या दिवशी काम बंद ठेवायचं' अशी ओळ आखा. ज्यूंचा रकाना भरून वाहील आणि आमचा जवळजवळ कोरा राहील. आम्ही विचारतो, 'तू काय मानतोस?' त्यांच्याकडे आधी विचारतात, 'तू काय पाळतोस?' त्यांच्याकडे श्रद्धा नाही असं मात्र नाही. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या पंडितानं श्रद्धेची तेरा सूत्रं मांडली, ती आजही प्रार्थनेच्या पुस्तकात असतात. भर कुठे आहे, एवढाच मुद्दा.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. कोणते ज्यू आणि कोणते ख्रिस्ती, यावर पुष्कळ अवलंबून आहे. ज्यूंमध्ये कडक परंपरावाले आहेत, सुधारणावादी आहेत, देवावर विश्वास नसूनही स्वतःला ज्यू म्हणवणारे आहेत. आमच्यात कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंटांचे शेकडो फाटे. खाली मी 'ज्यू' म्हणेन तेव्हा परंपरेनं चालणारे ज्यू समजा, आणि 'ख्रिस्ती' म्हणेन तेव्हा मोठ्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, जे समान आहे ते.

आता पुस्तकाकडे येऊ, कारण 'पुस्तक एकच' या वाक्यातच सगळ्यात जास्त गोम आहे.

आमच्या बायबलचे दोन भाग, जुना करार आणि नवा करार. ज्यूंचं शास्त्र म्हणजे आमचा जुना करार, असं ढोबळपणे म्हणतात. पण त्यांना 'जुना करार' म्हणून बघा! खेड्यात जुना करार म्हटलं की माणूस समजतो, तो रद्द झाला, आता नव्यावर सह्या झाल्या. त्यांच्या दृष्टीनं करार एकच, आणि तो चालू आहे. ते आपल्या शास्त्राला 'तनख' म्हणतात. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, नवीईम म्हणजे संदेष्टे, कतुवीम म्हणजे बाकीचे लेख, या तिन्हींच्या आद्याक्षरांवरून तो शब्द झाला. ते पुस्तकं २४ मोजतात, आम्ही प्रोटेस्टंट ३९. मजकूर तोच, शमुवेल, राजे, इतिहास यांचे आम्ही दोन-दोन भाग केले, एज्रा आणि नहेम्या वेगळे धरले, आणि बारा लहान संदेष्ट्यांना ते मिळून एक पुस्तक मानतात तिथे आम्ही बारा मोजतो. कॅथलिकांच्या जुन्या करारात आणखी काही पुस्तकं आहेत, ती धरून ४६.

संख्येपेक्षा क्रम महत्त्वाचा. आमचा जुना करार मलाखीच्या पुस्तकानं संपतो. त्याच्या शेवटी देव सांगतो की मी एलीया संदेष्ट्याला पाठवीन. पान उलटलं की मत्तय, म्हणजे नव्या कराराचं पहिलं पुस्तक, आणि येशूची वंशावळ. म्हणजे पुस्तक कोणाची तरी वाट बघत संपतं आणि पुढच्या पानावर तो हजर. ज्यूंचं तनख इतिहासाच्या पुस्तकानं संपतं. इराणचा राजा कोरेश दवंडी पिटवतो की यरुशलेमात देवाचं मंदिर बांधायचं आहे, त्याच्या प्रजेपैकी जो कोणी असेल त्यानं तिकडे वर जावं. शेवटचा शब्दच तो, 'वर जावं'. तेच लेख, पण एक पुस्तक माणसाची वाट बघत थांबतं आणि दुसरं सांगतं, ऊठ, घराकडे निघ. मला हे सेमिनरीत कोणी सांगितलं नव्हतं. कळलं तेव्हा माझी चाळिशी उलटली होती आणि मला थोडी लाजही वाटली.

त्यात आणखी, ज्यू माणूस तोरा नुसती वाचत नाही, रब्बींच्या, म्हणजे त्यांच्या धर्मपंडितांच्या, चर्चेतून वाचतो. इसवी सन २००च्या सुमारास मिश्ना, म्हणजे रब्बींच्या तोंडी चालत आलेल्या शिकवणीचा संग्रह, संकलित झाली, पुढच्या काही शतकांत तिच्यावरची चर्चा वाढत जाऊन तालमूद तयार झालं. आमच्याकडे तालमूद नाही, त्यांच्याकडे नवा करार नाही. म्हणून तेच वचन दोन घरांत वेगवेगळं जगलं जातं. एकच उदाहरण देतो. 'करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको' ही आज्ञा तोरात तीनदा येते. रब्बींनी त्यावरून ठरवलं की मांस आणि दूध एकत्र येताच कामा नये, भांडीसुद्धा वेगळी. म्हणून कोकणातल्या ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्राएलांच्या, घरी मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध. आमच्या पांढरकवड्याकडच्या ख्रिस्ती घरांत मटणाला खुशाल दही लावून ठेवतात, आणि त्याच घरातल्या बायबलात ते वचन तीन ठिकाणी छापलेलं असतं. कोणी खोटं वागत नाही. आमच्याकडे नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात येशूचा शिष्य पेत्र याला दृष्टान्त होतो आणि खाण्याची बंधनं सुटतात. त्यांच्याकडे ते पुस्तकच नाही.

पोरांना हे जड जाईल असं वाटलं तर जवळचं उदाहरण द्या. गीता वारकऱ्यांचीही आहे आणि अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला जाणाऱ्या महानुभावांचीही आहे. ग्रंथ एक म्हणून पंथ एक असं आपल्याकडे कोणी म्हणत नाही. तुमच्या वर्गात दोन्हीकडची मुलं असतील, ती स्वतःच सांगतील.

मग हे दोघे वेगळे झाले कधी? मला शिकवलं होतं की यहुदी धर्म बाप आणि ख्रिस्ती धर्म मुलगा. आता मी भाऊ म्हणतो, आणि त्याला कारण आहे. येशूच्या काळी यरुशलेमात मंदिर उभं होतं आणि धर्माचं केंद्र तिथले यज्ञबळी होते. परूशी, सदूकी, एसेनी असे ज्यूंचेच गट आपसात वाद घालत. येशूचे शिष्य हा त्यातलाच आणखी एक गट. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्यानं मंदिर पाडलं. बळी बंद झाले. आता देवासमोर जायचं कसं? परूशांच्या परंपरेतल्या रब्बींनी वाट दाखवली ती प्रार्थनेची, अभ्यासाची आणि दयेच्या कामांची. बळीच्या जागी हे. येशूच्या अनुयायांनी म्हटलं की शेवटचा बळी येशूच्या रूपानं वधस्तंभावर, म्हणजे क्रूसावर, होऊन गेला, आता दुसरा नको. आज आपण ज्याला यहुदी धर्म म्हणतो तो आणि ख्रिस्ती धर्म, दोघांनी आपापलं रूप धरलं ते याच पडझडीनंतर. घर पडलं, दोन भावांनी दोन घरं बांधली, जुन्या घराचे दगड दोन्हीकडे लागले.

वेगळं होण्याचं दुसरं कारण जरा व्यवहारी आहे. यहुदी नसलेले लोक येशूच्या मंडळीत येऊ लागले. त्यांची सुंता करायची का? त्यांनी मोशेचं सगळं नियमशास्त्र पाळायचं का? यरुशलेमात प्रेषितांची बैठक बसली आणि सुंतेची सक्ती नको असं ठरलं. त्यानंतर बाहेरचे वाढत गेले, आणि काही पिढ्यांत मंडळीत ज्यूच थोडे उरले.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. यहुदी नसलेल्यांत ख्रिस्ती धर्म पसरवणारा प्रेषित पौल हा परूशी, गमलिएलासारख्या गुरूच्या पायाशी शिकलेला. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तो बाहेरून आलेल्यांना सांगतो की तुम्ही रानटी जैतुनाच्या फांद्या, तुमचं कलम चांगल्या जैतुनावर झालं आहे, तेव्हा मिजास करू नका. मूळ तुम्हाला पोसतं, तुम्ही मुळाला नाही. वरुडकडे एका संजीवन सभेत, म्हणजे श्रद्धा जागवायच्या प्रार्थनासभेत, मी यावर बोलत होतो. समोर बसलेले सगळे संत्र्यावाले. सभा संपल्यावर एक म्हातारे माझ्याजवळ आले. म्हणाले, "पास्टर साहेब, हे तं उलटं झालं. खुंट जंबेरीचा राहते, जंगली, अन् डोळा चांगल्या संत्र्याचा भरते. तुमचा पौल चांगल्या झाडावर जंगली डोळा बांधून राह्यला. कोन्या नर्सरीत शिकला थो?" मी घरी येऊन परत वाचलं. पौलानं स्वतःच त्यात म्हटलंय की हे निसर्गाविरुद्ध झालं. ते वाक्य मी वीस वर्षं वाचत होतो, पण शेंदुरजनाघाटच्या नर्सऱ्या माहीत असलेल्या माणसानं दाखवलं तेव्हा ते मला दिसलं. पौलाला म्हणायचंय तेच: तुम्ही इथे आहात हे रीतीनं झालेलं नाही, कृपेनं झालंय. अर्थात ज्यू वाचकाला हे चित्रही पटणार नाही, कारण त्यात त्याची फांदी तोडलेली दाखवली आहे. तो म्हणेल, मी तर झाडावरच आहे.

आता तुमच्या विद्यार्थ्याचा खरा प्रश्न: ज्यू येशूला मसीहा का मानत नाहीत? 'मसीहा' म्हणजे अभिषेक झालेला. ग्रीकमध्ये त्याचाच शब्द 'ख्रिस्तोस'. 'ख्रिस्त' हे येशूचं आडनाव नाही, ती पदवी आहे, हे पोरांना आवर्जून सांगा. मोठ्या माणसांनाही माहीत नसतं. ज्यूंच्या अपेक्षेतला मसीहा हा दावीदाच्या वंशातला माणूस आहे. तो येईल तेव्हा विखुरलेले लोक परत येतील, लढाया थांबतील, यशया संदेष्ट्यानं म्हटल्याप्रमाणे तलवारी ठोकून नांगराचे फाळ केले जातील. ज्यू माणूस खिडकीतून बाहेर बघतो आणि विचारतो, फाळ झाले का? नाही ना, मग मसीहा आला असं कसं म्हणू? आम्ही म्हणतो, तो पहिल्यांदा दुःख सोसायला आला, पुन्हा येईल तेव्हा ते सगळं पुरं होईल. इसवी सन १३२ मध्ये बार कोखबा नावाच्या पुढाऱ्यानं रोमविरुद्ध बंड केलं, आणि रब्बी अकिवासारख्या थोर माणसानं त्याला मसीहा मानलं होतं. १३५ मध्ये तो मारला गेला आणि प्रश्न मिटला. काम अपुरं ठेवून मेला तो मसीहा नव्हे. हाच न्याय ते येशूला लावतात. आमचं सगळं म्हणणं तिसऱ्या दिवशीच्या पुनरुत्थानावर, म्हणजे येशू मरणातून उठला यावर, उभं आहे. ते मानलं तर हिशेब बदलतो, न मानलं तर बार कोखबाला लावलेलाच हिशेब बरोबर ठरतो.

वचनांचा वादही आहे. यशयाच्या सातव्या अध्यायात हिब्रूत 'अल्मा' असा शब्द आहे, अर्थ तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरात तिथे कुमारी हा शब्द आला आणि मत्तयानं तोच घेतला. त्रेपन्नाव्या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक आम्हाला येशू दिसतो. त्यांच्या परंपरेत बहुतेक जण तो सेवक म्हणजे इस्राएल ही प्रजाच असं वाचतात. आठवीच्या वर्गात यात शिरू नका, तास संपेल.

देव एक, हे दोघांचंही म्हणणं. 'हे इस्राएला, ऐक' या शब्दांनी सुरू होणारं 'शमा' ज्यू रोज दोनदा म्हणतात. सर्वांत मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर येशूनंही आधी तेच म्हटलं, आणि जोडीला लेवीयातलं 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर'. दोन्ही वचनं तोरातली. पण पुढे आम्ही त्या एका देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असं त्रैक्य मानतो. पुत्राबद्दलचा, म्हणजे येशूबद्दलचा, वाद इसवी सन ३२५ मध्ये निकियाच्या धर्मपरिषदेत गेला. ज्यूंना हे मान्य होणं शक्य नाही. देव माणूस झाला, ही कल्पनाच त्यांच्या चौकटीत बसत नाही. इथे मधला मार्ग शोधत बसू नका, इथे फरक आहे तो आहे.

पापाबद्दल मात्र थोडं थांबू. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत, विशेषतः पाचव्या शतकाच्या सुरुवातीच्या ऑगस्टिन या धर्मपंडितापासून, असं शिकवलं जातं की आदामाच्या पतनाचा डाग प्रत्येक माणसावर जन्मापासून आहे आणि तो माणसाच्या हातानं निघत नाही. म्हणून तारणारा लागतो. ज्यूंकडे असा जन्मजात डाग नाही. माणसात चांगली ओढ आहे, वाईट ओढ आहे, निवड त्याची. चुकला तर परत फिरावं. वर्षातून एकदा योम किप्पुर येतो, प्रायश्चित्ताचा दिवस, सुमारे पंचवीस तासांचा निर्जळी उपवास. पण मिश्ना त्यात एक अट घालते. देवाचा अपराध केला असेल तर तो दिवस त्याचं प्रायश्चित्त करतो. शेजाऱ्याचा अपराध केला असेल तर शेजाऱ्याची समजूत काढल्याशिवाय तो दिवसही काही करू शकत नाही. माझ्या मंडळीत दोन सख्खे भाऊ होते, बांधावरून अकरा वर्षं अबोला. दोघेही दर रविवारी यायचे, वेगवेगळ्या बाकांवर बसायचे आणि देवाकडे क्षमा मागून घरी जायचे. मी त्यांना पौलाची पत्रं वाचून दाखवली, उपयोग झाला नाही. एकदा ही मिश्नातली अट सांगितली. धाकटा म्हणाला, "हे आपल्या पुस्तकात कुठं आहे?" मी मत्तयाचा पाचवा अध्याय काढून दिला. तिथे येशू म्हणतो की वेदीशी आल्यावर भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणजे सिद्धान्ताच्या ओळीत दोघं एकमेकांपासून लांब आणि वागण्याच्या ओळीत खेटून बसलेले. असं तुमच्या तक्त्यात पुष्कळ ठिकाणी होईल. (त्या भावांचं पुढे काय झालं, तर बोलणं सुरू झालं. बांध अजून वाकडाच आहे.)

दिवस आणि सण पोरांना आवडतील, तिथे कोकण उपयोगी पडतं. मराठी बोलणारे ज्यू आहेत हे विदर्भात सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. रायगड जिल्ह्यातले बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आडनावं पेणकर, दिवेकर, किहिमकर अशी गावावरून पडलेली. शब्बाथ त्यांचा शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत. आमचा रविवार, कारण पुनरुत्थान त्या दिवशी झालं. आमच्याकडे मात्र रविवारी बाजार भरला की उपासनेला माणसं अर्धी, घाण्यासारखा बाजार बंद ठेवणारा मला एकही भेटला नाही. १८३०च्या दशकात मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. ते ख्रिस्ती होतील अशी मिशनऱ्यांना आशा होती. फार थोडे झाले. बाकीचे मिशनच्या शाळांत हिब्रू शिकले आणि आपलं शास्त्र वाचून आणखी पक्के ज्यू झाले. पुढे त्यांनी मराठीत कीर्तनंही केली, आख्यानं सगळी तनखमधली.

सेमिनरी पुण्याला गेल्यावर एका शिबिरासाठी मी तिकडे गेलो होतो, तेव्हा एका बेने इस्राएल आजोबांची ओळख झाली. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी घरी बोलावलं. आजींनी दिवे लावले आणि आजोबांनी पेला उचलून हिब्रूत आशीर्वाद म्हटला. पेल्यात काळपट लाल रस होता. वास ओळखीचा वाटला म्हणून विचारलं. "मनुकांचं सरबत," आजी म्हणाल्या. "रात्री भिजत घालायच्या, सकाळी उकळून कुस्करायच्या अन् फडक्यानं गाळायचं." मला हसू आलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूभोजनासाठी, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीतल्या विधीसाठी, माझी बायको पांढरकवड्यात हेच करायची, याच पद्धतीनं. खेड्यात द्राक्षारस मिळणार कुठे? रस तोच, फडकं तेच. आजोबांच्या पेल्यात ते शब्बाथाचं आणि द्राक्षीच्या फळाबद्दलचं आभारगीत होतं. माझ्या पेल्यात ते येशूच्या रक्ताचं स्मरण असतं. आणि येशूनं तो पेला उचलला तो ज्या जेवणात, ते मत्तय, मार्क आणि लूक यांच्या मते वल्हांडणाचं जेवण, म्हणजे ज्यूंचाच सण.

वल्हांडणाला बेखमीर, म्हणजे पीठ न आंबवता केलेली, भाकर लागते. पोरांना सांगा की आपली ज्वारीची भाकर बेखमीरच असते, लगेच समजेल. फक्त पुढे हेही सांगा की ज्यूंच्या नियमानं ती चालणार नाही. गहू, सातू अशा ठरावीक पाच धान्यांचीच लागते, आणि पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाजून व्हावी लागते. 'काय पाळतोस' हा प्रश्न किती बारीक असतो ते या अठरा मिनिटांत दिसेल.

त्याच आजोबांनी मला एक गोष्ट विचारली, ती तुमच्या तक्त्यापेक्षा महत्त्वाची आहे. गुड फ्रायडेला आमची तीन तासांची उपासना असते, वधस्तंभावरच्या सात वचनांवर उपदेश. मी दरवर्षी ठोकून सांगायचो की यहुद्यांनी येशूला मारलं. तसंच ऐकत मोठा झालो होतो. आजोबांनी शांतपणे विचारलं, "पाळकसाहेब, वधस्तंभ ही शिक्षा कोणाची? आमची की रोमची?" रोमची. हुकूम पिलाताचा, तो रोमन सुभेदार. काही धर्मपुढाऱ्यांचा हात होता असं शुभवर्तमानं, म्हणजे नव्या करारातली येशूची चरित्रं, सांगतात, पण रडणाऱ्या बायकाही ज्यू, शिष्यही ज्यू, आणि वधस्तंभावरचाही ज्यू. 'ज्यूंनी मारलं' या एका वाक्यावर युरोपात शेकडो वर्षं माणसं हाकलली, जाळली गेली. पुढे नाझींनी साठ लाख ज्यू मारले, त्याची कारणं आणखीही होती, पण जमीन या वाक्यानं नांगरून ठेवलेली होती. कॅथलिक चर्चनं १९६५ साली व्हॅटिकनच्या परिषदेत लेखी सांगितलं की हा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर सरसकट आणि आजच्या ज्यूंवर अजिबात ठेवता येत नाही. मी ते वाक्य त्या वर्षीपासून सोडलं. मंडळीतल्या दोघा-तिघांनी विचारलं, पास्टर नरम पडले का? पडलो. तुमच्या तक्त्यात ते वाक्य कुठल्याही रूपात येऊ देऊ नका.

सदस्यत्वाबद्दल थोडक्यात. परंपरेनं ज्यू म्हणजे ज्यू आईच्या पोटी जन्मलेला, किंवा रीतसर धर्मांतर केलेला. ते प्रचार करत फिरत नाहीत, उलट येणाऱ्याला आधी परतवून बघतात. आमच्यात माणूस बाप्तिस्म्यानं ख्रिस्ती होतो, आणि शुभवर्तमान सांगणं हे कर्तव्यच आहे. म्हणून विदर्भात आम्ही गावोगाव आहोत आणि ते नाहीत.

आतापर्यंतचं तुमच्या कामापुरतं सांगायचं तर, 'ग्रंथ' या ओळीत क्रम आणि तालमूद यांचा उल्लेख करा, 'तारणाचा मार्ग' ही ओळ काढून तिथे 'चुकलं तर काय करायचं' अशी ओळ घाला, 'रोज काय पाळतात' ही ओळ वाढवा, आणि 'संस्थापक' ही ओळ सरळ खोडा. अब्राहाम लिहाल की मोशे, येशू लिहाल की पौल, यावरच भांडण व्हायचं.

आणि त्या पोराला उत्तर द्यायचं तर आधी त्याला विचारा की येशूचे पहिले शिष्य कोण होते. ज्यू. म्हणजे काही ज्यूंना वाटलं हाच मसीहा, बहुतेकांना नाही वाटलं. ज्यांना वाटलं त्यांच्यात बाहेरचे लोक येऊन मिळाले आणि त्यांचा वेगळा धर्म झाला. ज्यांना नाही वाटलं ते आपल्या जुन्या वाटेनं चालत राहिले, आणि त्यांच्या दृष्टीनं त्यांनी कोणाला नाकारलं वगैरे काही नाही. त्यांच्या धर्मात येशू हा विषयच नाही. तुम्ही महानुभावांबद्दल काय नाकारता असं एखाद्या ज्यूनं तुम्हाला विचारलं तर तुम्ही जसं गोंधळाल, तसंच त्याला होतं.

तक्ता झाला की पाठवा, बघतो. फक्त दहा आज्ञा लिहिणार असाल तर त्यांना क्रमांक देऊ नका. 'मी तुझा देव, ज्यानं तुला मिसरातून बाहेर काढलं' ही ज्यूंची पहिली; आमच्यात ती फक्त प्रस्तावना असते. 'खून करू नको' ज्यूंकडे आणि आमच्याकडे सहावी, कॅथलिकांकडे पाचवी. कॉन्व्हेंटमधून आलेलं एखादं पोरगं उभं राहून तुमची चूक काढेल, आणि त्याचं बरोबर असेल.